वन्संच्या श्वासाचा हिस्सा

लिहून ठेवणार : मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, व्यवसाय अकॉर्डियन वाजवणे, राहणार याच घरात, तिसऱ्या मजल्यावर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि कान त्याहून ठिकाणावर आहेत. डावा खांदा तेवढा कामातून गेला आहे, पण मृत्युपत्र उजव्या हाताने लिहायचे असल्यामुळे त्याची अडचण नाही. मला कोणी फूस लावलेली नाही, धाक घातलेला नाही. ज्यांच्या नावे मी हे बहुतेक सगळे करत आहे, त्या माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, यातला एक शब्दही ठाऊक नाही. ठाऊक झाला तर त्या मला हे लिहूच देणार नाहीत.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अडगळीची खोली, असे हे घर यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यानंतर ते पूर्ण मालकी हक्काने वन्संचे व्हावे.

चिरंजीवांना हे पटणार नाही, म्हणून कारण लिहिते. मागच्या भेटीत ते म्हणाले, "आई, तुझ्यानंतर हे घर विकून टाकू. आत्याची सोय चांगल्या ठिकाणी करू. तिथं नर्स असते, बाग असते." मुलगा वाईट नाही, आत्याचे वाईट चिंतूनही तो बोलला नाही. पण वन्सं शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या आणि चादर झटकण्याचा आवाज मध्येच थांबला. दुसऱ्या दिवशी वन्संनी कपाटातले आपले सगळे कपडे एका बॅगेत भरून ती पलंगाखाली ठेवली. रोजचे कपडे त्या आता त्या बॅगेतूनच काढतात. ती बॅग मला दिसलेली नाही, असे आम्ही दोघी धरून चालतो.

कलम २. हे दान का नाही. वन्सं मानी आहेत. दान म्हटले की त्या बॅग उचलून चालू लागतील. म्हणून हे कलम त्यांनी चष्मा लावून वाचावे.

मी तीस वर्षे ऑर्केस्ट्रात उभी राहून अकॉर्डियन वाजवले. गायक पुढे, मी मागे. मला आयुष्यभर माणसांच्या पाठीच दिसल्या, पण त्यावर माझे पोट चालले. गाणाऱ्याचे खांदे वर गेले की त्याने श्वास घेतला, आणि तेवढ्यापुरता माझा भाता थांबायचा. साथ म्हणतात ती हीच, बाकी नुसती बोटांची कसरत. मग एका कार्यक्रमात ऐन गाण्यात माझ्या खांद्यातून कळ निघाली, भाता मिटला आणि गायिका उघड्यावर पडली. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला गाडी करून घरी पाठवले आणि नंतर फोनवर सांगितले, "बाई, खुर्चीत बसून वाजवणारी बाई स्टेजवर शोभत नाही." त्यांचा हिशेब पुढे कलम ५ मध्ये आहे.

घरी खुर्चीत बसून, वाद्य टेबलाला टेकवून, थोडे वाजवून थोडे थांबून मला जमत होते. चिरंजीवांनी संगणक आणि मायक्रोफोन घेऊन दिला, हे मी नाकारत नाही. अडगळीच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि गाणे शिकणाऱ्यांसाठी नुसती साथ वाजवून इंटरनेटवर विकायचे ठरवले. गाणाऱ्याची जागा रिकामी. ज्याला हवे त्याने आपल्या घरी त्यात गावे. मी यंत्राच्या टिकटिकीवर इतके चोख वाजवले की माझी मलाच दृष्ट लागेल. पण गिऱ्हाईक फिरकेना. फिरकल्या त्या एकट्या गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या बाई. त्यांनी ती साथ परत केली आणि म्हणाल्या, "चूक काढायला जागा नाही हो, पण माझ्या लोकांना श्वास घ्यायलाही जागा नाही."

त्यांचे खरे होते. समोर पाठच नव्हती, तर मी थांबणार कोणासाठी?

मग एकदा फार उकडत होते, म्हणून मी खोलीचे दार उघडे ठेवून वाजवत बसले. टिकटिक बंद होती, नुसता हात साफ करत होते. स्वयंपाकघरात वन्सं मटार सोलता सोलता माझ्याबरोबर गुणगुणत होत्या. वन्संची छाती कापडाच्या कारखान्यातल्या तंतूंनी खाल्लेली आहे. एक ओळ त्यांना एका दमात पुरत नाही. त्या मध्येच थांबल्या आणि माझा हात थांबला. मी ठरवून थांबवला नव्हता. त्यांनी पुन्हा धरले, मी निघाले. असे ते गाणे आम्ही ठेचकाळत पार पाडले. मायक्रोफोन वाद्याला चिकटलेला होता, त्यात त्यांचा आवाज आला नाही. त्यांचे थांबणे मात्र सगळे आले.

आणि माझ्या वेंधळेपणाची कमाल अशी की, गाण्याच्या बाईंना दुसऱ्यांदा पाठवायची ती चोख साथ राहिली आणि हीच गेली. मी शरमेने चूर झाले. फोन करून माफी मागायला गेले तर बाईच म्हणाल्या, "हे कोणासाठी वाजवलंत हो? माझ्याकडे एक आजोबा येतात, छातीचं ऑपरेशन झालेलं. आज त्यांनी पहिल्यांदा गाणं शेवटपर्यंत म्हटलं. रडत होते. अशीच सगळी पाठवा!"

मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "वन्सं, उद्यापासून माझ्यासमोर बसून गुणगुणा."

"वहिनी, तुमचं डोकं फिरलंय का? माझा सूर म्हणजे दाराची बिजागरी."

"सूर माझ्याकडे आहे. मला तुमची धाप हवी आहे."

"धापच हवी असेल तर खाली जा आणि तीन जिने चढून या. तुमची तुम्हांला मिळेल."

शेवटी तयार झाल्या, पण त्यांच्याकडे बघायचे नाही या अटीवर. म्हणून दारात खुर्ची टाकून, माझ्याकडे पाठ करून, मांडीवर भाजीची परात घेऊन त्या बसू लागल्या. घरबसल्या मला पुन्हा एक पाठ मिळाली. त्यानंतरची माझी प्रत्येक साथ त्या पाठीकडे बघून वाजवलेली आहे.

यापुढचे लिहिताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. ज्यांची नावेही मला उच्चारता येत नाहीत अशा गावांतून लोक माझ्या साथीवर म्हटलेली आपली गाणी पाठवू लागले. दमेकरी, म्हातारे, अडखळत बोलणारी मुले, दिवस भरत आलेली एक पोलीसबाई. एका इस्पितळातून छातीच्या रोग्यांनी मिळून म्हटलेले गाणे आले. मी कानांना हेडफोन लावून ऐकत होते. ओळीच्या मध्यावर सगळेच्या सगळे एकदम थांबले, आणि ती जागा मी ओळखली. तिथे वन्सं थांबल्या होत्या, परातीतली एक किडकी शेंग बाजूला टाकली होती आणि श्वास घेतला होता. आमच्या घराच्या दाराशी घेतलेला तो श्वास कुठल्याशा इस्पितळात एवढी माणसे मिळून घेत होती. मी हेडफोन काढले आणि वन्संच्या पाठीला हात जोडले. त्यांना ते दिसले नाही. त्या म्हणाल्या, "झालं का? भाजी फोडणीला टाकू का?"

स्टेजवर मला टाळ्या मिळाल्या, हार मिळाले. असे काही मिळाले नव्हते. आपल्या हातून, आपल्या अडगळीच्या खोलीत हे घडू शकते, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. म्हणून सांगते वन्सं, हे घर आज तुमच्याच कमाईवर चालते आहे. माझ्या एकटीची साथ बाईंनी परत केली होती, हे विसरू नका.

कलम ३. आजवरच्या सर्व ध्वनिमुद्रणांचे हक्क आणि त्यांचे पुढे येणारे उत्पन्न वन्संना मिळावे. कोणी त्यातले थांबे कापून ती "नीट" करून देण्याची तयारी दाखवल्यास त्याला चहासुद्धा विचारू नये.

कलम ४. अकॉर्डियन गाण्याच्या बाईंच्या वर्गाला द्यावे. काचेच्या कपाटात ठेवू नये, भाता चिकटतो. वाजवणाऱ्याने गाणाऱ्याच्या मागे बसावे.

कलम ५. ऑर्केस्ट्राच्या मालकांना माझे स्टेजवरचे उंच टाचांचे बूट द्यावेत. त्यांनी ते घालून एक पूर्ण कार्यक्रम उभे राहावे. एवढे झाले की माझ्या मनात काही नाही.

कलम ६. चिरंजीवांना अकॉर्डियनची जुनी पेटी. लहानपणी स्टेजमागे तिच्यात शाल अंथरली की ते गाढ झोपायचे, बाहेर कितीही ढोल बडवले तरी. बाळा, तुझे स्वतःचे घर आहे, त्याला बागही आहे. रागावू नकोस. आत्याला भेटायला ये आणि जिना चढून आल्यावर तिला लगेच बोलायला लावू नकोस.

कलम ७. वन्संनी हे सर्व नाकारले तरी घर विकू नये. थांबावे. त्यांना वेळ लागतो.

सही करण्यापूर्वीची नोंद. वकीलसाहेब आणि दोन्ही साक्षीदार आले असता वन्सं चहा घेऊन आल्या. कागद कसला ते कळल्यावर त्यांनी पदराला हात पुसले. "आणा, मीही सही करते. वहिनींना माझ्याइतकं कोण ओळखतं?"

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, तुम्हांला नाही करता येणार. ज्यांना मिळतं त्यांची साक्ष चालत नाही."

"मला काय मिळतंय?"

मग मी पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतले. बॅगेच्या वाक्यापाशी वन्संना धाप लागली. साक्षीला आलेल्या डॉक्टरीणबाई उठू लागल्या, त्यांना मी हाताने बसवले आणि थांबले. वन्संनी आमच्याकडे पाठ केली. त्यांचे खांदे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. खांदे स्थिर झाल्यावर मी पुढे निघाले आणि शेवटपर्यंत वाचले.

"बॅगेचं ते वाक्य काढून टाका, वहिनी," त्या म्हणाल्या.

"का? खरं आहे ते."

"आत्ता आहे," असे म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला.

मृत्युपत्रात खाडाखोड नको, असा वकीलसाहेबांचा सल्ला पडल्याने ते वाक्य आहे तसे ठेवले आहे.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघराच्या दाराशी.
दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तोच.

सही : लिहून ठेवणार (अकॉर्डियनवाली)

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई, दुसरा मजला
२. सायकल दुरुस्तीवाले, तळमजला

लिहून ठेवणारीने आमच्या समक्ष सही केली, आणि पलंगाखालची बॅग रिकामी झाल्याचे आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिले.