मामाचे हिरो घरी जायचे

४ मार्च, शुक्रवार
मामीचा फोन. मंगळवारी मामाच्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहणार नाही म्हणतात. "बोलून घे रे बाबा, नंतर नुसत्या खुणाच!" हो म्हटलं. निघालो मात्र नाही.

५ मार्च
दिवसभर गोदामात खोकी उतरवली, कानात मामा. थेटरात अमेरिकन पिक्चर लागला की पडद्याशेजारी स्टुलावर बसून तो माइकवर सगळं आपल्या भाषेत सांगायचा. "बघा बघा, एकटा पठ्ठ्या चाळीस जणांना लोळवतोय!" शिट्ट्या! आणि शेवटी हिरो गाडीत बसून निघाला की आवाज एकदम खाली — "चालला बरं का घरी. आई जेवायची थांबलीय." बायका डोळे पुसायच्या. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, खाली फाटक्या तिकिटांची घडी घातलेली, ती मीच रोज बदलायचो — कुठे भरकटलो!

६ मार्च
मुकादमाला हे सांगितलं तर म्हणतो, "थापाड्याच की तुझा मामा!" सतराव्या वर्षी मीही त्याला तोंडावर हेच म्हणालो होतो. भर थेटरात. तोडकंमोडकं इंग्रजी यायला लागलं आणि कळलं — त्यांचा हिरो घरी जातच नाही. त्याला घरच नसतं! सगळा गाव हातावर हात ठेवून बघत उभा. हा एकटा येणार, गाव वाचवणार आणि मागे वळून न बघता चालता होणार. म्हणजे तो एक मर्द, बाकी सगळं लटांबर. हेच शिकवतात ते, पिक्चरमागून पिक्चर. आणि मला पटलं ना! बॅग उचलली, निघालो. सहा वर्षं, चार शहरं, नोकऱ्या मोजत नाही. गेल्या महिन्यात तापाने फणफणलो तर पाण्याचा पेला द्यायला कोणी नाही. हिरोला ताप आलेला एकाही पिक्चरमध्ये बघितला नाही!
उद्या सकाळची बस. ठरलं.

७ मार्च
पोचलो. मामा उशीला टेकून बसलेला, आवाज घोगरा. म्हटलं, मामा, चुकलो, थापाड्या म्हणालो तुला. हसला. "थापाच होत्या त्या. आधी मी जसंच्या तसं सांगायचो रे. तुझा बाप घर सोडून गेला आणि तू रोज पहिल्या रांगेत येऊन बसायला लागलास — तेव्हापासून एकेकाला घरी धाडायला लागलो."