माय बिमार हाय, लेकीला धाडा

माय,

मी बिमार आहे. तुला हे सांगून काही उपयोग नाही, ते मला कळतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोत तुझ्या लुगड्याचा रंग कोणता होता तेही आता सांगता येत नाही. आणि असतीस तरी तुला वाचता कुठं येत होतं, लिहिलेलं मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. पण या घरात सांगायला गेलं की प्रत्येकजण आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग बारीक हसतो, म्हणून तुला लिहायले. बोटं धड मिटत नाहीत, पेन निसटायलाय, अक्षर कोंबडीच्या पायाचं आलंय. येऊ दे. मला फक्त आडवं व्हायचंय माय, आठ दिवस आडवं व्हायचंय आणि कुणीतरी ताट हातात आणून द्यावं एवढंच मागणं आहे. तेवढं एक सोडून बाकी सगळं या घरात मिळतं.

ताप येतो, जातो, परत येतो. सांधे असे धरलेत की सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायचे म्हटलं तरी आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. गावात घरटी एकाला हाच ताप आहे. डॉक्टरनं सलाईन लावलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, आराम करा, सांधे महिनाभर तरी दुखतील. आराम म्हणे. सोयाबीन काढणीला आलंय, बाया मिळंनात, आणि हा माणूस खुर्चीवर बसून आराम सांगतो. तुझे जावई वाईट नाहीत. त्यांनी बिस्किटाचा पुडा आणला, नारळपाणी आणलं, उशाशी बसून विचारलंही, ‘काय खाऊ वाटतंय तुला?’ मी म्हटलं, ताकातल्या कण्या. तर म्हणाले, ‘मग कर की जराशा, मी बी खातो.’ पण खरी गंमत तर पहिल्याच दिवशी झाली. मी अंग टाकलं तेव्हा यांनी दार लोटून हळूच विचारलं, ‘खरं हाय का त्यातलं हाय?’

त्यातलं म्हणजे तुझ्यातलं. हे सगळं तू सुरू करून दिलेलं आहे.

बाईनं दुखणं माहेरी काढायचं, ही आपल्याकडची रीत. पण रीत ज्याच्या हातात असते त्याच्या सोयीनं वाकते. माझी सासू पोखर्णीच्या नरसिंहाला शनिवार न चुकवणारी बाई, तोंडात शिवी नाही, पण सुनेनं दिवसा अंथरूण घातलं की म्हणायची, ‘उजेडी अंथरूण दिसलं की लक्ष्मी दारातून माघारी जाती.’ आणि बिमार सुनेला माहेरी धाडायचं म्हटलं की, ‘धडधाकट पोरगी नेली आन् पिंजून धाडली म्हणतेत लोकं.’ म्हणजे इथं निजायचं नाही आणि तिकडं जायचं नाही. मग मी बाजारात आपल्या पिंगळीचं कुणी भेटलं की नुसतं म्हणायची, मायला सांगा, अंग मोडून आलंय. आणि मागोमाग तुझा निरोप यायचा, ‘माय लय बिमार हाय, लेकीला धाडा.’ याला मात्र सासूकडं उत्तर नव्हतं. मरत्या मायकडं पोरगी धाडली नाही तर लोकं तोंडात शेण घालतात. तुझं डोकं, माय. शाळेचं तोंड न पाहता तू हे शोधून काढलंस.

मला सोडायला दीर यायचा. परभणीत गाडी बदलून आमी पोचेपर्यंत तू ओसरीत घोंगडी पांघरून, कपाळाला फडकं आवळून बसलेली असायचीस. ‘आलीस का माझे बाई’ हे इतक्या मेलेल्या आवाजात म्हणायचीस की तो बिचारा चहासुद्धा आवाज न करता प्यायचा. जाताना तुझ्या पाया पडायचा, न जाणो परत दिसशील न दिसशील. तो वळणाच्या पल्याड गेला की तू फडकं सोडायचीस, तेच माझ्या कपाळाला आवळायचीस आणि म्हणायचीस, ‘हं, हो आता आडवी. बघती मी कोण उठवतंय.’ मग जात्यावर ज्वारी भरडायचीस. चाळणीत वर राहतील त्या कण्या, खाली पडलं ते पीठ भाकरीला. आधणात मीठ टाकून कण्या वैरायच्या आणि ढवळत बसायचं, हात थांबला की बुडाला धरतात. उतरवल्यावर ताक, वरून लसणाची फोडणी. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असते आणि मागं तुझा डाव पातेल्यात फिरत असतो, तो आवाज ऐकत मला झोप लागते. उठले की तू तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासतेस, वाटीखाली काळं आलं की मला दाखवतेस, ‘बघ, किती गरमी निघायलीय.’ कधी परत जायचं विचारलं की म्हणायचीस, ‘दुखणं हत्तीच्या पायानं येतं आन् मुंगीच्या पायानं जातं. तुझ्या सासूला मुंगीएवढाबी दम न्हाई, तर मी काय करू?’

तू गेलीस आणि माझं बिमार पडणं बंद झालं. भाऊ आहे, भावजय सोन्यासारखी आहे, दिवाळीला चोळी-लुगडं न चुकता मिळतं. पण माय नसलेल्या माहेरी साडी घ्यायला जाता येतं, दुखणं घेऊन जाता येत नाही. ताप आला तरी मी उभ्यानंच काढला. गोळी खाऊन भाकरी थापायच्या, ताप जातोच, त्यालाही कंटाळा येत असेल.

मग तुझी नात मोठी झाली आणि आमी तिला देवगाव फाट्याकडं दिली. जावईबापूंचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे, घरात फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, हातात मोठा फोन आहे. मला वाटलं, सुटली पोरगी. पहिल्याच पावसाळ्यात तिचा फोन आला, आवाज बसलेला. ‘आई, लय थकायलंय गं. इथं दिवसा झोपलं की सगळे काय झालं, काय झालं करतेत. सांगितलं तर म्हणतेत, आमाला न्हाई का होत?’ मी दुसऱ्या दिवशी विहीणबाईला फोन लावला आणि माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघालं, नुसती माय काढून तिथं मी घातलं. तेव्हापासून माझी तब्येत त्या गावात लय बदनाम आहे. मला त्यांच्या हिशेबानं शुगर आहे, कंबरेत गॅप आहे, मागच्या वर्षी छातीतही दुखून गेलंय. एका लग्नात विहीणबाईनं मला जिलेबी खाताना बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुमची तब्येत लय नाजूक बाई, पण अंगाला मानवतीय.’ मी आणखी एक जिलेबी घेतली. पोरीला आठ दिवस निजायला मिळत होतं, मला काय, मी पन्नास रोगांची धनीण व्हायला तयार होते.

आणि आता खरोखरची पडले. यांनी फोन केला, ‘तिच्या आईला खरंच बरं न्हाई, पाठवता का?’ हे वाक्य आमी इतक्यांदा वापरलंय की त्यात खरंच घातलं तरी ते खोटंच ऐकू येतं. तरी परवा जावईबापू तिला मोटारसायकलवर घेऊन आले. मी खाटेवर पडलेली, कपाळाला फडकं. ‘काळजी घ्या मामी’ म्हणून गेले बिचारे. मला इतकं बरं वाटलं माय, म्हटलं आता ही चुलीपाशी जाईल, मला विचारेल, मी म्हणेन कण्या कर. गाडीचा आवाज दूर गेला तशी तिनं पर्स फेकली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ‘आई, तुला कसं कळलं गं? मी तर यावेळी तुला सांगितलंबी नव्हतं. चार दिवस झाले अंगात कसर हाय.’ मग माझ्या कपाळाचं फडकं सोडून तिनं स्वतःच्या कपाळाला बांधलं. ‘ऊठ ना, मला पडू दे.’

तुझे जावई दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं तसे मी डोळे वटारले. ते रुमाल खांद्यावर टाकून रानात गेले.

मी उठले. का उठले ते तुला विचारायचं होतं, पण तूच तर उठायला शिकवलंस. मिक्सरमधून कण्या काढल्या. डाव एका हातात धरवेना म्हणून दोन्ही हातांनी ढवळला. ती खाटेवरून म्हणाली, ‘चालणं तर हुबेहूब बिमार माणसासारखं गं आई, आता सोड की, गेले ते.’ कण्या वाटीत घेऊन गेले, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हटलं, ‘ताप न्हाई गं तुला. गार लागायलीस.’ ती म्हणाली, ‘काय सांगतीस,’ आणि पर्समधून ते काखेत धरायचं यंत्र काढलं. ते वाजलं. तिला ताप होता, चांगला होता. ‘तुझ्या हाताला काय कळंना बाई आता,’ ती हसली आणि खायला लागली.

मी तिथंच खाली बसले. कारण तू गेलीस त्या वर्षी, शेवटच्या वेळी मी आले होते तेव्हा तूही माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली होतीस, ‘गार लागायलीस की, उतरला तुझा ताप.’ मला आतून थंडी वाजत होती आणि तू उतरला म्हणत होतीस. मला वाटलं, मायचा हात आहे, तो चुकायचा नाही. पुढं महिना-दोन महिन्यांत तू गेलीस, आणि सगळे म्हणाले, अचानक गेली, बिमार बी पडली न्हाई. माय, तुझा हात माझ्या कपाळापेक्षा तापलेला होता. त्या वेळचा निरोप खरा होता. तू ओसरीत खरीच कण्हत बसली होतीस, आणि दीर गेल्यावर फडकं सोडून माझ्या कपाळाला बांधलंस आणि जात्याला बसलीस. मला तुझा राग आलाय. खरंच लय राग आलाय. एकदा म्हणायचं होतंस, बाई, यावेळी माझंच दुखायलंय. मी मोठी होते, चुलीपाशी बसू शकत होते. तू मला निजवलंस आणि स्वतः निजायची वाटच बुजवून टाकलीस, आता माझ्यासाठीही ती बुजलेली आहे.

म्हणजे मी पोरीला सांगायला पाहिजे. काल दिवसभर तेच घोकायले. पण सांगितलं की ती उठणार, ताप घेऊन भाकरी थापणार, मला निजवणार, आणि तिकडं गेल्यावर परत उभीच्या उभी. तिचं तोंड बघ कसं झालंय, गळ्याची हाडं वर आलीत. पुढं कधी मी निरोप धाडला तर ती निजायला येणार नाही, माझी सेवा करायला येईल. मग तिनं निजायचं कुठं? एका खाटेवर दोघींना बिमार पडायची सोय नाही या घरात. यांना रात्रीच बजावून ठेवलंय, बोललात तर याद राखा. ते म्हणाले, ‘तुमा मायलेकींचं मला आजवर कळलं न्हाई,’ आणि कूस बदलून झोपले.

आज दुपारी ती पांघरुणातूनच म्हणाली, ‘आई, सासूबाईला एक फोन लाव ना. म्हण अजून उठता येईना. चार दिवस वाढतील.’ मी लावला. विहीणबाई म्हणाल्या, ‘आता काय झालंय?’ त्यांचा तो ‘आता’ मला बरोबर कळला. काहीतरी जुळवावं म्हणून मी तोंड उघडलं आणि जुळवायची गरजच पडली नाही. मी सांगितलं, विहीणबाई, बोटं मिटत न्हाईत. सकाळी निऱ्या धरता येत न्हाईत, तांब्या दोन्ही हातांनी उचलावा लागतो. ताप चढला की भिंत अंगावर यायलीय असं वाटतं. भूक लागती, पण आपल्या हातचं गिळत न्हाई, कुणीतरी दिलेलं खावं वाटतं. मला माय न्हाई हो, असंही म्हटलं, आणि आवाज फुटला. खाटेवर पोरगी तोंडात ओढणी कोंबून हसायली, तिनं मला अंगठा वर करून दाखवला. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, ‘बरं बरं, राहू द्या तिला चार दिवस.’

पोरीचं काम झालं होतं, आता फोन ठेवायचा होता. विहीणबाईनं तिकडून तो कधीच ठेवला होता. हे तुला एकटीलाच सांगते माय, ते कळल्यावरही मी फोन कानाला धरून ठेवला आणि गुडघ्यांचं सांगायचं राहिलं होतं तेवढं सांगून टाकलं.