अथेन्समध्ये ‘ने’ म्हणजे ने नव्हे

ईलिंग, मे १९७४

ती. माधवराव यांस,

पद्माकरचा साष्टांग नमस्कार (खरोखरच साष्टांग, तोंड वर करण्यासारखं काही उरलेलं नाही). एडिनबऱ्याच्या गारठ्याने धरलेली तुमची कंबर आता सुटली असेल. इकडे सगळं ठीक, म्हणजे तब्येतीने.

अथेन्सची टूर पार पडली. आमच्या उल्कासाठी श्रीकांतचं स्थळ तुम्हीच आणलंत; साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी चार दिवस एकत्र काढावेत ही कल्पना मात्र माझी. (तुमची बहीण अलका म्हणत होती, चहाला बोलावू या, पुरे. बायकोचं ऐकावं असं मी पेशंटांना रोज सांगतो.) विमानातच मी श्रीकांतच्या वडिलांना, गिरीशरावांना, सांगून टाकलं की ग्रीक म्हणजे आपल्या संस्कृतची मावसबहीण, मला काही अडचण येणार नाही. म्युझियममध्ये तर मी इतकं समजावत सुटलो की आमची खरी गाइड माझ्याशी बोलेनाशी झाली. नाक तुटलेल्या एका पुतळ्याला मी सम्राट म्हणालो, ती खालच्या पाटीवर कुणाची तरी बायको निघाली. ते एक वेळ पचलं.

पचलं नाही ते अ‍ॅक्रोपोलिसवर. पार्थेनॉनच्या खांबांपाशी सुपारीएवढा संगमरवराचा तुकडा पडला होता. मी तो उचलला आणि पहारेकऱ्याला इंग्रजीत विचारलं, खूप जुना का हो हा? तो हसून म्हणाला, “ने, ने.” आता मराठी माणसाने काय समजावं? परक्या मुलखात एक माणूस तोंड भरून ‘ने’ म्हणतोय. मी नेला. स्वतःच नेला असता तरी चाललं असतं, पण मला दिलदारपणाचं भरतं आलं आणि व्याह्यांना पहिली भेट म्हणून तो मी गिरीशरावांच्या कोटाच्या खिशात सारला. (ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. गाइडला हे ठाऊक होतं, पण ती बोलत नव्हती.)

फाटकावर त्या दिवशी खिसे तपासत होते. तुकडा निघाला, गिरीशरावांना चौकीत नेलं, दोन्ही घरं बघत उभी. आणि मी काय केलं म्हणाल, तर खांब बघत राहिलो. एवढा हॉस्पिटलात लोकांना दरडावणारा माणूस मी! गिरीशरावांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, “सॉरी, माय मिस्टेक” म्हणाले आणि मान खाली घातली. समज देऊन सोडलं त्यांना. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, अजूनही घेतलेलं नाही. लाज वाटते हो, माधवराव.

वहिनींना नमस्कार.

आपला,
पद्माकर

ता. क. मूळ काम राहिलंच. अलका म्हणते, असल्या उचल्याच्या घरात माझी मुलगी देणार नाही. उल्का रडून रडून अर्धी झाली आहे. अलका तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तेवढं येऊन गिरीशराव सज्जन आहेत हे तिला पटवा. दगड खिशात कुणी घातला, त्यात फारसं शिरू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत उल्काने हे वाचलं. म्हणाली, “मामाला कशाला बोलावता, बाबा? ती दगड तुमची होती ना?” इथे वाढलेल्या पोरीचं मराठी. चूक सुधारायला तोंड उघडलं, पण आधी माझी सुधारायची राहिली आहे. अलका स्वयंपाकघरात आहे. मी आत जातो आहे. तुम्ही मात्र शनिवारच्या गाडीने याच.