परी म्हणजे भोवती

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेरिमेनोपॉज. सगळं कळल्यासारखी मी मान हलवली. पण रिक्षात डोक्यात एकच शब्द, पॉज. पाळी थांबणार, आतलं काहीतरी बंद होणार. इतक्यातच?

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "परी? चांगलं हाय की." हसू आलं, मग डोळेही भरले.

सई बारावीची बायोलॉजी घेऊन बसलेली. हृदयाचं चित्र काढून त्याच्याभोवती पिवळ्या पेन्सिलीने बारीक रेघ ओढत होती. म्हणाली, "आई, ग्रीकमध्ये पेरि म्हणजे भोवती. हे पेरिकार्डियम, हृदयाभोवतीची पिशवी." पेरिमीटर तर मी कंपनीत ड्रॉइंगवर रोजच बघते. आणि आपलं परिघ, परिसर, परिक्रमा? तेही भोवतीच. कुठे ग्रीस, कुठे आमचं महाळुंगे गाव. एवढासा शब्द दोन्हीकडे कसा पोचला असेल?

म्हणजे मी अजून थांबले नाही. थांबण्याच्या भोवती फिरते आहे, त्या पिवळ्या रेघेसारखी.

उन्हं उतरल्यावर सासूबाईंबरोबर चालायला गेले. त्या रोज शेजारच्या कारखान्याच्या भिंतीकडेने एक फेरी मारतात. भिंतीच्या आत पूर्वी आमचं शेत होतं. आज पहिल्यांदाच विचारलं, "आई, आता आत काय राहिलंय आपलं?"

भिंतीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आत न्हाई काय. पर भवतीनं फिरलं की आपलंच वाटतंय."