बशी स्वच्छ होती

प्रिय दादाराव,

तुझी तेरवी आटोपून डोणगावहून निघताना वहिनींनी तुझी प्रयोगशाळेतली जुनी वही माझ्या हाती दिली. "तुमच्या दोघायचंच हाय यात, भाऊजी. मले काय समजते?" म्हणाल्या. बसमध्ये ती वाचली. नुसतं डायरीत लिहून भागेना, म्हणून हे पत्र.

आठवते आपल्या कॉलेजातली ती अंधारी खोली? दोन पॉलिमर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, असं पुस्तकं सांगायची. आपण पॉलिस्टायरीन आणि ते काकवीसारखं चिकट दुसरं पॉलिमर टोल्युइनमध्ये विरघळवून बशीत वाळवलं. काचेसारखा आरपार पापुद्रा निघाला, म्हणजे दोन्ही मिसळली होती. तू तो डोळ्यासमोर धरून माझ्याकडे पाहिलंस. "यातूनबी तू काळाच दिसतं, बे."

मग नागपूरहून आपल्या संशोधनाचे मार्गदर्शक सर आले. त्यांच्यासमोर मी पापुद्र्याची बशी स्टोव्हवरच्या तापल्या वाळूत ठेवली, आणि तो दुधासारखा पांढरा झाला. "असं का?" सरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मधूनं बशी नीट धुतली नसेल, सर."

सरांनी मला कामातून वगळलं. बाहेर तू खांद्यावर हात टाकलास. "येवढ्याशानं काऊन रुसून राह्यला, बे?" आणि मी उलट तुझीच माफी मागितली.

तेव्हापासून मी प्रत्येक बशी तीनदा धुतो. विद्यार्थी हसतात.

वहीत त्याच संध्याकाळची नोंद आहे. 'मधूची बशी स्वच्छ होती. दुसऱ्या बशीत करून पाहिलं, तेच. तापवलं की दोन्ही पॉलिमर वेगळी होतात, हळूहळू निवू दिलं की पुन्हा आरपार.'

अरे, एरवी तापवलं की पदार्थ जास्त मिसळतात, इथं उलट वेगळे होतात, हाच तर शोध होता! तो तू कुणालाच का सांगितला नाहीस? सांगताना बशीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून? शोध गिळलास, पण मला मोकळं केलं नाहीस.

मीही दुसरी बशी का घेतली नाही, हे स्वतःला विचारतो आहे. माझ्या हातांपेक्षा तुझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला, ती चूक माझी. पण त्या विश्वासाचं तू काय केलंस?

येत्या सोमवारी बी.एस्सी.च्या वर्गासमोर तोच पापुद्रा तापवीन. पांढरा झाला की तुझी नोंद वाचून दाखवीन, तुझ्या नावासकट, एकही शब्द न गाळता. त्याआधी बशी धुईन. एकदाच.

तरीही तुझाच,
मधू