‘इन’ आणि ‘ॲट’मध्ये अडकलेली सोयरीक

ती. आत्यास,

वामिंबीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डोंगर चढताना दुखतो की उतरताना, ते कळव. तुझी भाचसून नांदुदु म्हणते, उतरताना दुखला तर वय आणि चढताना दुखला तर आळस. (हे तिचं मत, माझं नव्हे.) यंदा बांबूचे कोंब कसे आलेत? इथं म्बालेत आम्ही सगळे खाऊनपिऊन बरे आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्यातला एक जण तुरुंगात आणि एक जण इस्पितळात असल्याचं तुझ्या कानावर आलं असेल. दोन्ही खोटं आहे, आणि दोन्ही माझ्याच इंग्रजीतून निघालं.

आपल्या पोरीनं, नाम्बोझोनं, सोरोटी गावचा मुलगा पसंत केला, हे तुला माहीत आहे. एक्वारू त्याचं नाव. पाण्याचे पंप दुरुस्त करतो आणि हसताना तोंडावर हात धरतो. मुलगा गुणी, पण बाप ओकिरोर म्हणजे जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला मास्तर. त्यांची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्यांना येत नाही, तेव्हा सगळी बोलणी इंग्रजीत. आता नामं मला भरपूर येतात. कॉफी म्हण, लॉरी म्हण, तुरुंग म्हण. पण इंग्रजीत नामाच्या पुढं एक टीचभर शब्द बसतो आणि खरा कारभार त्याच्या हातात असतो. आपल्या भाषेत हे आईच्या दुधाबरोबर येतं. इंग्रजीत ते मास्तरांच्या छडीबरोबर यायचं होतं, आणि मी नेमका त्या तासाला फणस काढायला जायचो.

तर ओकिरोर मास्तरांनी फोनवर निरोप पाठवून विचारलं, घरात कोण कोण, काय करतात. मी छाती फुगवून लिहिलं की माझे थोरले बंधू गिदोंगो कित्येक वर्षं ‘इन प्रिझन’ आहेत, तिथं त्यांना फार मान आहे, आणि माझ्या धाकट्या पोरानंही तिथंच जावं अशी माझी इच्छा आहे. (सरकारी नोकरी, गणवेश, पेन्शन. अभिमान का वाटू नये?) यावर सोरोटीहून उत्तर नाही. एक्वारूचेही फोन थांबले. नाम्बोझो जेवेना, आणि जेवली तरी बोलेना. शेवटी एकदा तिनंच त्याला गाठून खडसावलं, आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, त्यांच्या घरी विचारतायत, काकांनी मारलं कुणाला?”

खुलासा तोंडानंच करावा म्हणून मी मास्तरांशी बोलायचं ठरवलं, पण अशा वेळी नांदुदु शेजारी हवी, आणि ती तर बहिणीच्या बाळंतपणाला इस्पितळात गेलेली. म्हणून लिहिलं, बायको ‘इन हॉस्पिटल’ आहे, ती आली की सगळं सांगतो.

दुसऱ्याच दिवशी मास्तर, त्यांची बायको आणि एक्वारू एक जिवंत कोंबडी आणि नाचणीचं पीठ घेऊन थेट इस्पितळात. नर्सनं सगळ्या खाटा धुंडाळल्या. नांदुदु मागच्या अंगणात, जिथं रुग्णांचे नातेवाईक चुली मांडतात, तिथं पेज ढवळत होती. मी जवळच लाकडं फोडत होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

“नांदुदुबाई पेशंट कुठं आहेत?” मास्तरांनी तिलाच विचारलं.

“नांदुदु मीच. पेशंट माझी बहीण.”

मास्तरांच्या बायकोनं काखेतल्या कोंबडीकडं पाहिलं. “मग हिचं काय करायचं?”

“कापायची,” नांदुदु म्हणाली आणि त्यांना बसायला चटई टाकली.

रस्सा उकळत होता तेवढ्यात गिदोंगोदादा बाळंतिणीसाठी दूध घेऊन आले, अंगावर तुरुंगातल्या वॉर्डरचा गणवेश. नांदुदुनं नाव सांगून त्यांची ओळख करून दिली. मास्तर मुलाच्या कानाशी लागले, पण वर्गात बोलायची सवय, तीही इंग्रजीत, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. “हा सुटला वाटतं?”

“रोज संध्याकाळी सुटतो,” दादा म्हणाले. “सकाळी परत जातो.”

आत्या, पहिल्यांदा हसला तो एक्वारू, आणि या खेपेला तोंडावर हात न धरता. मग मास्तरांनी तिथंच शाळा भरवली. ‘इन’ म्हटलं की माणूस शिक्षा भोगतो किंवा खाटेवर पडतो; कामाला किंवा भेटायला गेलेला ‘ॲट’, आणि मध्ये एक ‘द’. मी ते हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं, पण हात धुवून जेवायला बसावं लागलं.

जेवताना मी मास्तरांना विचारलं, आमचं घर खुन्याचं वाटत होतं, तरी आलात कसे? ते म्हणाले, “घर कसंही असो. मुलीची आई आजारी म्हटल्यावर यायला नको?” मी त्यांना आणखी रस्सा वाढला. अशा माणसाच्या घरी आपली पोर जातेय, मग मला आणखी काय हवं?

तुझा भाचा,
वामिंबी

ता. क. – येत्या शनिवारी ते रीतसर मागणी घालायला येतायत. आपल्याकडून आत्यानंच बोलायची रीत, तेव्हा तू हवीस. आपल्याच भाषेत बोल. इंग्रजी कुणी करायचं ते मास्तर आणि नाम्बोझो बघून घेतील. मला दोघांनीही मनाई केली आहे.

आणखी ता. क. – मी मास्तरांना तुझ्याबद्दल कळवायला बसलो आणि ‘इन द वे’ लिहिलं. नाम्बोझोनं फोन हिसकावला. त्याचा अर्थ म्हणे, आत्या आडवी आली आहे. तिनं ते खोडून ‘ऑन द वे’ केलं, म्हणजे आत्या घरून निघाली आहे, आणि निरोप गेलासुद्धा. इंग्रजी या वेळी अगदी बिनचूक आहे. फक्त तू अजून घरी आहेस. हे पत्र आणणारा टॅक्सीवाला तुझ्या दारात थांबला आहे. त्याच्याच गाडीत बस.