सान फेरमिनचा खोटा कॉलरा आणि खरे मासे

ईकितोस, मंगळवार

सोइलाताई,

धाकट्या हिल्दोचं डोकं तुझ्या पायांवर आहे असं समज (उजव्यावर जरा हलकंच ठेवलंय, गुडघ्याचं कानावर आलं). नाउतात पाणी उतरलं का? घराचं छप्पर या खेपेला तरी शाकारून घे, दर पावसात भांडी मांडत बसू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक. मला पित्ताचा त्रास आहे, पण तो लग्नापासूनच आहे. तुझी नेरिदा माझ्या घरी आणि माझ्या वर्गात उत्तम आहे. जेवते, झोपते, केस विंचरत नाही. फोन न करता पत्र का लिहितोय म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि न ऐकलेल्या अर्ध्यावर चिडतेस. कागदावर निदान सगळं वाचून मग चिडशील.

तर गोष्ट आमच्या कॉलेजची. इतकी वर्षं मी पोरांना सार्वजनिक आरोग्य शिकवतो, म्हणजे पिण्याचं पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते आणि त्या दोघांची गाठ कुठे पडते, एवढंच. (एवढ्यासाठी पदवी कशाला, असं तू मला एकदा विचारलं होतंस. मी अजून विचार करतो आहे.) पण मध्यंतरी वरून ठरलं की आता पोरांना जागतिक आरोग्याच्या कामासाठी तयार करायचं. जगात कुठेही साथ आली, पूर आला, लढाई झाली, की आपली पोरं तिथे पोचली पाहिजेत. मला कल्पना आवडली, खोटं का बोलू? आजवर परक्या देशांची माणसं येऊन आपल्या नदीत पाय बुडवून फोटो काढून गेली. आता आपल्या पोरांनी दुसऱ्या कुणाच्या नदीत उतरावं, यात वाईट काय? मग त्यासाठी इंग्रजी आलं, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे ते आलं, दहा खिशांची जाकिटं आली. आणि हळूहळू पोरांची भाषा बदलली. ती गावाला गाव म्हणेनात, 'समुदाय' म्हणायला लागली. फ्लोरेन्तिनो नावाचा आमचा एक हुशार विद्यार्थी आहे, पाठांतर असं की भिंतीवरची पाल थांबून ऐकते. तो सुट्टीत घरी गेला आणि स्वतःच्या आजीला 'ज्येष्ठ लाभार्थी' म्हणाला. म्हातारीनं त्याला झाऱ्यानं मारलं.

वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा होती. एका परदेशी संस्थेच्या डॉक्टर अनेलीस नावाच्या बेल्जियमच्या बाई मुलं निवडायला आल्या होत्या. उंच, शांत, आणि उन्हानं इतक्या लाल झालेल्या की त्यांच्याकडे बघून आपल्यालाच तहान लागावी. ठरलं असं, की नदीच्या वरच्या अंगाला सान फेरमिन नावाचं जे कोळ्यांचं गाव आहे, तिथे कॉलऱ्याची खोटी साथ आणायची. गावकऱ्यांनी रोगी व्हायचं, पोरांनी तंबू ठोकून, पाणी उकळून, रोगी निवडून, साथ आटोक्यात आणायची. गावच्या मुखिया ओतिलियाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे खरा ताप येतो तेव्हा कुणी फिरकत नाही, खोट्याला मात्र बोट भरून येताय. या बापडे, या. नाटक आम्हालाही आवडतं."

आणि नाटक त्यांनी असं केलं ताई, की काय सांगू! आधी मेलेला व्हायला कुणी तयार नव्हतं, अपशकुन म्हणून. मग कळलं की रोग्यांना दिवसभर मीठसाखरेचं पाणी प्यावं लागणार आणि मेलेल्याला सावलीत झोळीत पडून राहायला मिळणार. त्याबरोबर निम्मं गाव मरायला पुढे आलं. शेवटी वयाचा मान म्हणून तेलेस्फोरो आजोबांना मरण मिळालं. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. जरा फारच सुरळीत. मग अनेलीसबाई म्हणाल्या, जरा खरं वाटू द्या, आणि मी (मला गप्प बसता येत नाही हे तुला ठाऊक आहे) आजोबांच्या बायकोला, ओबदुलियाबाईंना, म्हटलं की नवरा गेलाय तर थोडं रडा तरी. बाईंनी काठावर उभं राहून असा टाहो फोडला की माकडं झाडं सोडून गेली. "अरे माझ्या कष्टाळू धन्या, कधी उलटून बोलला नाहीस, कधी घोट घेतला नाहीस!" यावर मेलेल्यानंही एक डोळा उघडून कोणाबद्दल चाललंय ते पाहिलं.

नेमकी तेव्हाच शहराकडे जाणारी प्रवाशांची बोट आली. रडणं ऐकून तिचा वेग कमी झाला, आणि काठावरच्या एका उत्साही रोग्यानं, पोरांनी शिकवलं होतं तसं, हात वर करून आरोळी ठोकली, "लांब राहा! गावात कॉलरा आहे!" बोटीनं असं वळण घेतलं की काठावर आम्ही सगळे भिजलो. अनेलीसबाईंनी लिहून घेतलं, 'समुदायाकडून प्रवाशांना वेळेवर इशारा. उत्कृष्ट.' आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई, मी स्वतः टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी सान फेरमिनच्या बायका नेहमीप्रमाणे पेकेपेके होड्यांची इंजिनं फडफडवत मासे आणि केळी घेऊन बाजाराच्या धक्क्याला लागल्या. कुणी टोपलीला हात लावला नाही. शेजारच्या बायकांनी आपल्या मासे मांडायच्या फळ्या ओढून लांब मांडल्या. संध्याकाळी ते सगळे मासे परत गेले. त्या गावाला दुसरं काहीच नाही ताई, नदी देते ते शहरात विकायचं आणि तेल, मीठ, पोरांच्या वह्या घेऊन परतायचं. चार दिवसांत घरोघरी खारवलेल्या माशांच्या माळा लागल्या आणि मीठही संपलं. आमच्या प्रमुखांनी रेडिओवर जाहीर केलं की सान फेरमिनमध्ये अजिबात कॉलरा नाही, मुळीच नाही, घाबरू नका. झालं! ज्यांच्या कानावर काही आलं नव्हतं तेही घाबरले. 'नाही' हे सांगायला साहेब स्वतः रेडिओवर येतात, म्हणजे काहीतरी असणारच. मी तोंड लपवत गावात गेलो तर तेलेस्फोरो आजोबा झोळीतून म्हणाले, "मास्तर, मेलो मी, आणि उपाशी गाव!"  ओतिलियाबाईंनी मला केळी उकडून दिली आणि मी खात असताना समोर बसून राहिल्या. 

आमच्या पोरांना परीक्षेत मात्र उत्तम गुण मिळाले होते. खोटी साथ तिन्हीसांजेच्या आत आटोक्यात, मृत्यू एक, तोही सावलीत. खऱ्या भीतीची साथ आमच्या हातून पसरली होती आणि तिच्यावर धडा नव्हता. फ्लोरेन्तिनो धडपड्या, तो जंतूंचं रंगीत चित्र घेऊन बाजारात गेला. चित्रातला जंतू टोपलीएवढा मोठा होता. ते बघून उरलीसुरली दोन गिऱ्हाइकंही पळाली. मग नेरिदा म्हणाली, आपणच जाऊन खाऊ. आम्ही सगळे गेलो, सान फेरमिनच्या फळीसमोर बसलो, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले मासे खाल्ले, बोटं चाटली, हसलो. (पित्ताचं तुला वर सांगितलंच आहे.) बायकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं फाशीच्या कैद्याच्या शेवटच्या जेवणाकडे बघतात.

त्यानंतर बाकीची पोरं अर्ज भरायच्या मागे लागली. त्यांना दोष देत नाही, आम्हीच ते शिकवलं. नेरिदा मात्र रोज बाजारात जाऊन बसायची. समजवायची नाही, चित्रं दाखवायची नाही. पालथ्या खोक्यावर बसायची आणि एदेल्मिराबाईंना मासे साफ करू लागायची. एदेल्मिराबाई म्हणजे त्या धक्क्याची बोलती घंटा. त्या ज्याच्याकडून घेतात त्याच्याकडून सगळा बाजार घेतो, आणि फळी लांब ओढणाऱ्या पहिल्या त्याच. दोन दिवस त्यांनी नेरिदाला नावंही ठेवली नाहीत, ही त्यांच्या मानानं फार मोठी शिक्षा. तिसऱ्या दिवशी मी आणि अनेलीसबाई तिला बघायला गेलो होतो, मिरच्यांच्या ढिगाआड उभे होतो, तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं.

"ए पोरी," एदेल्मिराबाई सुरी न थांबवता म्हणाल्या, "शिकलेली माणसं काय, काहीही खातात. खऱ्या कॉलऱ्याच्या साली इथं एक साहेब आला होता. सगळ्यांसमोर मासा खाल्ला, हात पुसले, गाडीत बसला. त्याचं बघून माझ्या बहिणीनं खाल्ला."

नेरिदा पुढच्या माशाचे खवले काढत राहिली. (ताई, मी असतो तर जंतू, पाणी, शिजवण्याचं तापमान, सगळं सांगून मोकळा झालो असतो.) तो साफ झाल्यावर तिनं विचारलं, "बहिणीचं नाव काय होतं?"

"हेराल्दिना. माझ्याहून धाकटी. नाचायची फार." आणखी एक मासा साफ झाला. "तुला आई आहे?"

"आहे. नाउतात."

"तिला आण. इथं बसव, माझ्यासमोर, आणि सान फेरमिनचा मासा खाऊ घाल. शिकलेलं माणूस स्वतःच्या जिवावर उदार होतं, आईच्या नाही होत. तिनं खाल्ला तर माझी फळी मी पुन्हा जवळ ओढीन."

मी घरी येऊन नेरिदाला म्हटलं, चल, आत्ता फोन लावू. ती भडकली. "मामा, आई म्हणजे काय परीक्षेचं सामान आहे? गुडघा धरून ती इतक्या लांब येणार, कशासाठी, तर मी मांडलेला घोळ निस्तरायला? मी काढीन दुसरा मार्ग." दुसरा मार्ग अजून निघालेला नाही. ती रोज जाते, खोक्यावर बसते, हाताला माशांचा वास घेऊन येते. फ्लोरेन्तिनोनं एदेल्मिराबाईंना स्वतःची आजी देऊ केली. त्या म्हणाल्या, "मला हिचीच आई पाहिजे. तुझ्यावर माझा विश्वास नाही, तुझी आजी घेऊन काय करू?"

मी आता वर्गात उभा राहतो तेव्हा फळ्यावर काय लिहावं ते सुचत नाही. पोरांना जगाच्या कुठल्याही टोकाला पाठवायची तयारी आम्ही केली, पण एखाद्या बाईशेजारी गप्प बसून तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव विचारायचं, हे कुठल्या तासाला शिकवायचं? तुझ्या मुलीला ते कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी नाही, एवढं नक्की.

असो. फार लांबलं. शेजारच्या रेखिनाला आणि तुझ्या त्या चावऱ्या कुत्र्याला माझी आठवण सांग. अजून कुणीच मोठा झाल्याचं कबूल न केलेला,

तुझा धाकटा,
हिल्दो

ता. क. – एवढं लिहूनही कामाचं राहिलंच. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. तुझ्या खानावळीसाठी तू वर्षानुवर्षं याच धक्क्यावरून मासे नेलेस. तुझं नाव काढलं तर अजून कोळणी शिळ्या माशांचे कल्ले झाकतात. नेरिदा तुझी मुलगी आहे हे एदेल्मिराबाईंना माहीत नाही. तू नेहमीसारखी ये, मासा उलटापालटा कर, वास घे, चार शब्द सुनाव, मग खा. खोटं कौतुक करू नकोस, ते तुला जमणारही नाही. मासा खराब असला तर खराब म्हण आणि खाऊ नकोस. मी बघून घेईन काय करायचं ते.

ता. क. २ – हेही सांगायला हवं. मिरच्यांच्या ढिगाआडून निघताना अनेलीसबाईंनी ठरवलं की निवड झाली तर नेरिदाचीच. मोझांबिकला, समुद्रापलीकडे, निदान दोन वर्षं. मी म्हटलं, घे पोरी. ती म्हणाली, "सान फेरमिनचे मासे विकले जात नाहीत तोवर मी कुठेही जात नाही." बाई महिनाअखेरीपर्यंत थांबणार आहेत. म्हणजे ताई, हिशेब तुझ्या ध्यानात आलाच असेल. तू शनिवारी आलीस आणि तो मासा खाल्लास, तर गाव जगेल आणि पोरगी जाईल. नाही आलीस तर ती बहुतेक इथेच राहील, आणि दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येईल, माशांचा वास घेऊन. हे मी लपवू शकलो असतो. पण औषध देण्याआधी त्यानं काय काय होईल ते सगळं रोग्याला सांगावं, असं मी पहिल्याच तासाला शिकवतो, आणि निदान तेवढं तरी मला पाळलं पाहिजे. न आलीस तरी मी कधी विचारणार नाही.

ता. क. ३ – आलीस तर नेरिदा तुला गाडीवर घ्यायला येईल. तू दाताच्या डॉक्टरकडे येते आहेस असं मी तिला सांगून ठेवलं आहे. तेवढी डावीकडची दाढ दुखू दे, आणि मासा उजव्या बाजूनं चाव.